जुबली बागेतला मंगळवार

प्रिय विधी,

आशीर्वाद आहेतच, आधी बातमी घे. जुबली बागेतला मंगळवार आपलाच राहिला! प्रेमराजनं भर रस्त्यात, बँडवाल्यांच्या देखत, स्वतःच्या तोंडानं कबूल केलं, आणि तेही बागेकडे पाठ करून. कसं ते सांगते, पण दमानं, कारण परवापासून ही गोष्ट मी इतक्या जणींना सांगितली आहे की घसा बसलाय. म्हणून तुला हातानं सांगतेय. फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन उचलत नाहीस, आणि व्हिडिओवर आलीस तर मला जळगावातल्या मेहरूणच्या तुझ्या मामाच्या घरातला पंखा दाखवतेस. तो पंखा मला आता पाठ झालाय. त्याचं एक पातं वाकलंय, मामाला सांग. माझी शाळा चौथीत सुटली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तुझं तू लावून घे. तू शिकवायचीस ती पोरं याहून वाईट लिहीत असतील.

बाग आता ओळखू येत नाही, बरं का. म्हणजे येते, पण मांडवात नवरी ओळखू येते तशी. कुंपणाला काळा रंग, वरच्या भाल्यांच्या टोकांना सोनेरी. मोठ्या फाटकावरचा मुकुट घासला तर खाली आकडे निघाले, १८८७. फाटकाशी फलक लावलाय, त्यावर बागेचा सगळा इतिहास. मी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला, मागे लोक खोळंबले तरी सरकले नाही. विलायतच्या राणीला गादीवर बसून पन्नास वर्षं झाली म्हणून तेव्हाच्या कलेक्टरनं ही बाग काढली. राणी काही बघायला आली नाही. आली असती तर तिला मे महिन्यात आणायला हवी होती, पन्नास वर्षांचा सगळा थाट एका दुपारीत उतरला असता. कुंपण, बँडस्टँड, कारंजं, सगळं ओतीव लोखंड बोटीनं आलं, चाळीसगावपर्यंत रेल्वेनं आणि तिथून धुळ्यापर्यंत बैलगाड्यांनी. कारंज्यावर चार बगळे. पांझरेच्या पाटाचं पाणी उंचावरून सोडलेलं, म्हणून मोटर नसतानाही बगळ्यांच्या चोचींतून पुरुषभर उंच उडायचं. आता मोटर आहे, रंगीत दिवे आहेत, आणि पाणी गुडघ्याएवढं उडतं. काचघर होतं ते कलेक्टरच्या मडमेच्या विलायती नेच्यांसाठी. धुळ्याच्या उन्हात काचेचं घर! नेचे पहिल्याच उन्हाळ्यात शिजले असतील. पुढे काचा फुटल्या, लोखंडी फासळ्या उरल्या, त्यांच्यावर मधुमालती चढली, आणि ते घर पहिल्यांदा शोभलं. मधोमध राणीचा पुतळा होता, त्याला बेचाळीस साली पोरांनी डांबर फासलं. स्वराज्य आल्यावर तो उचलून कुठे ठेवला कोणास ठाऊक. चबुतरा रिकामा नको म्हणून त्यावर घड्याळ बसवलं, ते बसवलं त्याच वर्षी बंद पडलं. हे सगळं फलकावर आहे. घड्याळ बंद पडल्याचं तेवढं नाही. आणि आपल्या मंगळवारचं नव्हतं.

जागा पुरली नाही, असं प्रेमराज म्हणाला. बाग समितीचा अध्यक्ष म्हणून त्याचं स्वतःचं नाव हातभर अक्षरांत आहे, त्याला जागा पुरली. अगं, बागेच्या कुंपणाला पैसा कोणी दिला? आपल्या मारवाडी पेढीवाल्यांनी. त्यातल्या केवलचंद शेठनं अट घातली की दर मंगळवारी दुपारनंतर बागेत पुरुष नको, आमच्या बायकांना फिरू द्या. कोणी म्हणतं शेठ सुधारक होता. माझी सासू म्हणायची, कसला सुधारक, बायकोनं त्याला वाढणं बंद केलं होतं. मला सासूचं पटतं. बायकांसाठी मागच्या अंगाला वेगळं फाटक, आणि त्याच्यापुढे चंद्रकोरीसारखी वळवलेली उंच भिंत. तिला आम्ही पडदी म्हणतो. टांगा तिच्याआड उभा राहायचा आणि बाई उतरून थेट आत. आत गेलं की पहिलं काम, ओढणी काढून कुंपणाच्या भाल्यांवर टांगायची. आत कोणी कोणासमोर तोंड झाकायचं नाही, सुनेनं सासूसमोरसुद्धा नाही. बाहेर रस्त्यावरून कुंपणावर लाल-पिवळ्या ओढण्या दिसल्या की गल्लीतले पुरुष समोरच्या कडेनं, मान खाली घालून जायचे. आतल्या कोणत्या ओढणीखालून आपल्या घरातली कोण निघाली असेल, याचा नेम नव्हता ना.

मी लग्न होऊन गल्ली नंबर चारमध्ये आले तेव्हा घरात सासू, आतेसासू, थोरल्या जावा, सगळ्यांपुढे घुंघट. मी माणसं पायांवरून ओळखायची. माझी सगळ्यांत थोरली जाऊ रूपवान आहे असं अख्खी गल्ली म्हणायची, कारण हात गोरे आणि आवाज गोड. पहिल्या मंगळवारी बागेत तिनं ओढणी काढली तर तोंडभर देवीचे वण. मी बघतच राहिले. ती म्हणाली, "बघून घे नीट, उद्यापासून मी पुन्हा रूपवान!" आणि कारंज्यातलं ओंजळभर पाणी माझ्या तोंडावर मारलं. मग मी तिच्यामागे पळाले. चपला काढून, परकर वर खोचून, काचघराला वळसे घालत. लग्नानंतर मी पहिल्यांदाच पळत होते, थांबावंसंच वाटेना. सासू बाकावरून ओरडली, "जतन, घोडी आहेस का?" आणि आम्ही थांबलो नाही हे बघून स्वतःच उठली आणि पोरींना बाजूला सारून पाळण्यावर जाऊन बसली. आमच्या सासूला पाळण्यावर बघणं म्हणजे काय, ते तुला कळणार नाही. घरात ती चुलीपुढेसुद्धा हुकूम सोडत बसायची.

तर, दुरुस्तीसाठी बाग दोन वर्षं बंद होती ती आता उघडणार, म्हणून प्रेमराज निमंत्रण घेऊन आपल्या घरी आला. चहा घेतला, खाकरे घेतले, आणि मग हळूच म्हणाला, "काकीजी, मंगळवारचं ते जुनं आता ठेवत नाही आहोत. आता घुंघट घेतं कोण? आणि बायकांना बाग रोजच मोकळी आहे की." मी म्हटलं, "रोज मोकळी म्हणजे रोज तू तिथे." तो म्हणाला, "मंगळवारी लॉन वाढदिवसांना द्यायचं ठरलंय. इतिहास जपतोय ना आपण, ते बगळे बघा कसे झळकतात." मी म्हटलं, "मंगळवार बगळ्यांसाठी नव्हता रे." तेव्हा तो हसला. त्याचं ते हसू तुला माहीत आहे, जसं काही समोरच्याच्या डोक्यावरून हात फिरवतोय. म्हणाला, "काकीजी, तुमचं वय काय, गुडघे काय. तुम्हाला मंगळवार कशाला हवा?" मी म्हटलं, फिरायला. ते खोटं होतं. माझे गुडघे मला बागेत फिरू देत नाहीत हे त्यालाही ठाऊक. पण खरं काय ते त्याला सांगण्यासारखं नव्हतं, तुझ्या आईलाही मी सांगितलेलं नाही. त्या दिवशी मात्र मनाशी पक्कं केलं, बाकी काहीही काढा, काचघरात सेल्फी काढा, बँडस्टँडखाली पाणीपुरी विका, पण मंगळवार मी सोडणार नाही.

त्यानं चूक केली ती एकच. उद्घाटन मंगळवारी ठेवलं! पाहुण्यांना तोच दिवस मोकळा होता म्हणे, मुहूर्तही निघत होता. निमंत्रणावर वार वाचला आणि माझी ट्यूब पेटली. तुमच्या पिढीत नवऱ्याचा थोरला भाऊ म्हणजे थट्टामस्करीचा माणूस. आमच्यात जेठापुढे बाई घुंघटातच, आणि जेठानंही तिच्याकडे बघायचं नाही. चुकून ती उघड्या तोंडानं समोर आलीच, तर लाज तिची नाही, त्याची. पाठ त्यानं फिरवायची. प्रेमराज भाषणात कितीही नव्या विचारांचा होऊ दे, घरात अजून तसाच आहे. भूपेंद्र त्याचा धाकटा भाऊ. भूपेंद्रची बायको रूपा इतकी वर्षं त्याच्या ताटात गरम फुलका टाकते, पण तिचं तोंड प्रेमराजनं तोवर बघितलेलं नव्हतं. त्यांच्या लग्नाच्या फोटोतही घुंघटच आहे. मी सरळ रूपाकडे गेले. ती पापड लाटत होती. ऐकून तिचं लाटणंच थांबलं. "काकीजी, मी? जेठजींसमोर?" मी म्हटलं, "समोर कुठे? तू आत. समोर तो येईल." तिनं दोन पापड लाटले, तिसऱ्याचा गोळा हातात घेऊन म्हणाली, "बँडस्टँडवर चढू का? लहानपणापासून मला तिथे उभं राहून गाणं म्हणायचंय." मी म्हटलं, चढ बाई, म्हण.

मग मी गल्ल्या फिरले. गुडघ्यांना तेल लावून फिरले, पण फिरले. रिक्षावाल्याला वाटलं मी निवडणुकीला उभी आहे. आपल्याच नव्हे, सगळ्यांच्या घरी गेले. फैजपूरची लताबाई आपल्या मागच्या गल्लीत राहते, तिनं सांगितलं, "अक्का, मी केळीचे वेफर तळून आणते, लढाई उपाशीपोटी होत नाही." मंगळवारी उन्हं कलायच्या आधीच आम्ही पडदीआडून आत. मागच्या फाटकाची किल्ली निंबा माळ्याकडे. त्यानं कुलूप काढलं, पाइप उचलला आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. म्हणाला, "मी काहीच देखं नही, अक्का. मी ते झाडेस्ले पानी दी ऱ्हायनू." झाडांना पाणी देतोय म्हणे, आणि पाण्याचा पत्ता नाही, पाइप कोरडाच! ओढण्या आता कितीजणींकडे असतात? पण कुंपण रिकामं राहिलं नाही. शाली आल्या, स्टोल आले, स्कूटीवरून येणाऱ्या पोरींचे तोंडाला बांधायचे स्कार्फ आले, सनकोट आले. मच्छीबाजाराकडच्या बायका आल्या, त्यांचे बुरखे आले. अख्खं कुंपण रंगलं. पोरी काचघरापुढे फोटो काढत होत्या, म्हाताऱ्या पाळण्यांवर बसल्या होत्या. आणि मी? मी बाकावर बसून वेफर खाल्ले. माझं काम झालं होतं.

तेवढ्यात मोठ्या फाटकावर वाजंत्री आली. प्रेमराज फेटा बांधून, हातात चांदीची कात्री. शेजारी पाहुण्या, नाशिकहून आलेल्या एक अधिकारी बाई. पाहुण्या बाई आहेत हे मला आधी माहीतच नव्हतं, नाहीतर मी एवढे गुडघे झिजवले नसते! रूपानं वेळ बरोबर साधली. बँडस्टँडवर चढली, पदर डोक्यावरून खाली टाकला, आणि गाऊ लागली. विधी, आवाज फाटका आहे तिचा, पण काय उंच गेली! प्रेमराजनं फाटकाच्या जाळीतून बघितलं, चांगलं डोळे भरून बघितलं, आणि गरजला, "कोण आहे ती बाई? गाते काय! उतरवा तिला खाली!" कोणी हलेना. शेवटी निंबाच कोरडा पाइप घेऊन फाटकाशी गेला आणि शांतपणे म्हणाला, "भाऊ, तुमनाच घरनी शे ती. भूपेंद्रभाऊनी." मी तुला काय सांगू! तव्याला हात लागावा तसा माणूस गर्रकन फिरला. फेट्याचा शेमला त्याच्याच तोंडावर आला. बँडवाल्यांना वाटलं ही खूणच आहे, त्यांनी वाजवायला सुरुवात केली. आता वर रूपा गातेय, खाली बँड वाजतोय, आणि अध्यक्ष टायरच्या दुकानाकडे तोंड करून कात्री धरून उभा.

पाहुण्या बाईंनी विचारलं, हे काय चाललंय? मी फाटकापर्यंत गेले आणि जाळीतूनच सगळं सांगितलं, केवलचंद शेठच्या जेवणासकट. त्या आधी ओठ दाबून ऐकत होत्या, मग हसूच फुटलं. त्यांनी प्रेमराजच्या हातातून मागूनच कात्री काढून घेतली, फीत कापली आणि आत आल्या. एकट्याच. त्यांच्याबरोबरचे सगळे पुरुष फाटकाबाहेर, एकमेकांकडे बघत. आपल्या गळ्यातला स्टोल त्यांनी भाल्यावर टांगला, वेफर घेतले, आणि माइक मागून घेऊन विचारलं, "अध्यक्ष महोदय, मंगळवार राहणार ना?" प्रेमराज टायरवाल्याला उद्देशून ओरडला, "राहणार, राहणार! काकीजी, आता तरी तिला पदर घ्यायला सांगा, मला वळता येत नाहीये!" मी म्हटलं, "मंगळवारी बागेत पदर नाही, प्रेमराज. तू घरी जा, आज तुझ्या चहाचं तूच बघ." टायरवाला इतका हसला की त्याचं गिऱ्हाईकही हसायला लागलं. दुसऱ्या दिवशी पेंटर आला आणि फलकाच्या तळाशी मंगळवार लिहून गेला. जागा होती. रूपानं घरी जाऊन घुंघट घेतला की नाही, मी विचारलं नाही, ते तिचं ती बघेल. भूपेंद्र मात्र आज रस्त्यात भेटला आणि उगाचच माझ्या पाया पडला.

आता तुझी आई मला विचारते, सासूबाई, एका संध्याकाळसाठी एवढा आटापिटा? तिला मी म्हटलं, मला मजा येते. तुला खरं सांगते, कारण ते तुझंच आहे. तुझ्या तोंडावर डाग आले. आधी बोटांवर, मग ओठाच्या कडेला, मग डोळ्याभोवती. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्या घरात कोणी तो शब्द तोंडातून काढत नाही. तुझी आई 'ते' म्हणते. तुझा बाप तेवढंही म्हणत नाही. कोड आहे, कोड. डॉक्टरांनी सांगितलं, ते लागत नाही, दुखत नाही, जीव घेत नाही. ज्यांच्याकडे तुझं ठरलं होतं त्या लोकांनी सगाईचा चांदीचा नारळ परत पाठवला, तर त्याच्या मी वाट्या करून घेतल्या. श्रीखंडाला बऱ्या पडतात. पण तू शाळेतली नोकरी सोडलीस, तोंडाला स्कार्फ गुंडाळून जळगावला गेलीस, आणि मामी सांगते घरातही तो सोडत नाहीस. मी काही तुला समजावत बसणार नाही, मला ते जमत नाही आणि तुला ते खपत नाही. मला फक्त धुळ्यात अशी एक जागा हवी होती जिथे तोंड उघडं टाकणं हा सगळ्यांनाच नियम आहे, तुझ्यावर कोणाचा उपकार नाही. म्हणून मंगळवार हवा होता, बाकी गेला खड्ड्यात. बायका बघतील, खोटं कशाला सांगू. एकदा नीट बघतील, दोनदा बघतील, दोघी-चौघी उपायही सांगतील, त्यातला एक गोमूत्राचा असेल. मग त्यांना आपापल्या सुनांची गाऱ्हाणी आठवतील आणि त्या तुला विसरतील. तर येत्या मंगळवारी दुपारची धुळ्याची एसटी धर. येताना मेहरूणची बोरं आण, बाजारातली नको, झाडाखालची. घरी राहा म्हणून कोणी आग्रह करणार नाही, संध्याकाळच्या गाडीनं परत गेलीस तरी चालेल. तू येणार आहेस हे मी कोणाला सांगितलेलं नाही, नाही आलीस तरी सांगणार नाही. कारंज्याजवळच्या बाकावर माझ्या शेजारी पिशवी ठेवून जागा धरून बसते. आणि जतनबाईनं धरलेली जागा मागायची छाती धुळ्यात अजून कोणाची झालेली नाही.

तुझीच,
जतन दादी